गळती ग्राहकाच्या लहरीमुळे?

‘ग्राहक रोज मत बदलतात, म्हणून कामं रखडतात,’ हा गेल्या अंकातील कंत्राटदार पत्रलेखकांचा दावा अर्धाच खरा आहे. टाइल्सचा रंग ग्राहक बदलतो. वॉटरप्रूफिंग कोण बदलायला सांगतं?

पुण्यातील एका निवृत्त शिक्षिकेच्या बाथरूममध्ये पाणी साठवून गळती तपासलीच गेली नाही, थेट फरशी बसली. खालच्या घराचं छत ओलं झालं आणि बहुतेक पैसे आधीच उचललेला कंत्राटदार फोन घेईनासा झाला. करार? व्हॉट्सॲपवरचा अंगठा!

2019चा ग्राहक संरक्षण कायदा अशा सेवेलाही लागू आहे. राहत्या जिल्ह्याच्या आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही नाही. पावती मात्र जपलेली बरी. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ असं सुचवणारे बहुधा पत्रलेखकांचेच व्यवसायबंधू असतात.