पहिला हुकूम कोणी द्यायचा?

ओपन सोर्स म्हणजे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर, अशी आपल्यापैकी बऱ्याच जणांची समजूत असते. मला त्यातली निवड जास्त महत्त्वाची वाटते. लिनक्समध्ये नुसता वॉलपेपर नाही, अगदी पोटातला भागसुद्धा बदलता येतो. तो बदलता यावा की सगळ्यांनी एकच वापरावा, यावर जाणती माणसे वर्षानुवर्षे भांडली आहेत.

लिनक्स सुरू होताना आधी कर्नल जागा होतो. (आपले कर्नलसाहेब नव्हेत, ते त्याच्याही आधी उठतात.) हा कर्नल एकच प्रोग्राम सुरू करून देतो. त्याचा क्रमांक १, आणि त्याला म्हणतात इनिट. नेटवर्क, प्रिंटर, लॉगिनचा पडदा, सगळे पुढे त्याच्या हुकमाने उठतात. जुना सिस-व्ही इनिट फाइलींच्या नावातल्या क्रमांकाप्रमाणे एकेकाला उठवायचा. मेसच्या रांगेसारखे, पुढच्याचे ताट भरल्याशिवाय मागचा हलत नाही. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टीम-डी आणला. ज्यांना एकमेकांसाठी थांबायची गरज नाही, त्यांना तो एकदम उठवतो. सांगून ठेवले असेल तर मध्येच बंद पडलेली सेवा पुन्हा उभी करतो. काम चांगलेच आहे. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. नोंदी ठेवणे, लॉगिन सांभाळणे, घड्याळ जुळवणे हेही त्याच्या घरात आले. एका प्रोग्रामने एकच काम नीट करावे ही युनिक्सची जुनी शिस्त मानणारे त्यामुळे चिडले.

डेबियन स्वयंसेवक चालवतात. उबुंटू त्याच्यावर उभा आहे, आपल्या सी-डॅकचा 'बॉस' लिनक्सही. म्हणून डेबियनचा निर्णय दूरवर पोहोचतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत सिस्टीम-डी की अपस्टार्ट यावर मते चार-चार पडली. अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टीम-डी आला. ज्यांना ते पटले नाही, त्यातल्या काहींनी डेबियनची प्रत घेऊन सिस्टीम-डीशिवायचे 'देवुआन' सुरू केले. त्याची पहिली पक्की आवृत्ती मे २०१७ मध्ये निघाली, म्हणजे अडीच वर्षांनी. तोंडाने विरोध करणारे पुष्कळ होते, अडीच वर्षे राबणारे थोडे. या थोड्यांबद्दल मला आदर आहे. पॉटरिंगला धमक्या देणाऱ्यांबद्दल अजिबात नाही.

माझा एक मित्र म्हणतो, "युनिफॉर्म घालणाऱ्याने तरी एकाच पद्धतीची बाजू घ्यावी." त्याचे अर्धे बरोबर आहे. फेडोरा असो, उबुंटू असो, डेबियन असो, सेवा सुरू-बंद करायची आज्ञा आता एकच. बदली होऊन आलेला माणूस पहिल्या दिवशी कामाला लागतो. नवशिक्यासमोर पाच इनिट ठेवून 'निवड' म्हणणे ही मदत नव्हे.

पण मार्च २०२४ मध्ये जे उघडकीला आले, ते वाचल्यावर मी उरलेल्या अर्ध्याकडे वळलो. एक्स-झेड नावाच्या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, आणि त्यावरून त्याने तो शोधला. हल्ला होता ओपन-एसएसएचवर, ज्यातून दूरच्या मशिनवर शिरता येते. मूळ ओपन-एसएसएचला एक्स-झेड लागतच नाही. पण 'मी तयार आहे' हे सिस्टीम-डीला कळवता यावे म्हणून काही वितरणांनी त्यात सिस्टीम-डीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्या मागून एक्स-झेड आत येत होते. दोष सिस्टीम-डीचा नव्हता, वाट मात्र तिथून होती. ज्यांनी ही जोडणी केली नव्हती, तिथे ही वाटच नव्हती. चोरदरवाजा मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला म्हणून निभावले.

संरक्षण मंत्रालय विंडोजच्या जागी उबुंटूवर आधारलेली 'माया' प्रणाली आणणार, अशा बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या. उद्या आपल्यापैकी कित्येक जण अशाच मशिनवर बसतील. एकच पद्धत हवी हे ठीक, पण दुसरी पद्धत चालवता येणारी माणसेही हवीत. आणि ती माणसे गरज पडल्यावर एका रात्रीत तयार होत नाहीत. डेबियननेही डिसेंबर २०१९ च्या मतदानात जवळजवळ हेच ठरवले: मुख्य सिस्टीम-डी, पण पर्याय शोधणाऱ्यांना पाठिंबा.

आता आमच्या कॉम्प्युटर क्लबचे. क्लबला आठ जुनी मशिन मिळाली आहेत आणि आठांवरही एकच लिनक्स, एकाच पद्धतीने टाकायचे असे घाटते आहे. सातांवर जरूर टाकावे. आठव्यावर देवुआन टाकू द्या. त्याला वेळ जास्त लागेल, काही गोष्टी अडतील, आणि ज्युनिअर कॅडेट येऊन विचारतील की हे वेगळे का. त्या मशिनची देखभाल आणि रजिस्टरमधल्या नोंदी मी करीन. रविवारचा एक तास त्यासाठी मिळावा, एवढी इन्स्ट्रक्टर सरांना विनंती.