विसरलेलं संत्रं

माना पूल्सचे फोटो टाकल्यापासून घरच्यांचे फोन चालू आहेत. आई म्हणते, "लेकराला घेऊन असं हत्तींच्या मध्ये झोपतात का गं?" दादा म्हणतो, तिथलं सरकार कुंपण का घालत नाही? आणि निम्म्या मित्रमंडळींनी "काय डेअरिंग!" असं लिहून टाकलंय. तिघांनाही एकदमच उत्तर देते.

आधी जागा सांगते. माना पूल्स झिम्बाब्वेच्या उत्तर टोकाला, झांबेझीच्या काठी. पलीकडच्या तीरावर झांबिया. १९८४ पासून जागतिक वारसा स्थळ. हरारेहून स्वतः गाडी चालवत जायचं, चिरुंडूच्या रस्त्यावर मारोंगोराला परवाना घ्यायचा, मग हाडं खिळखिळी करणारा कच्चा रस्ता आणि चावऱ्या त्सेत्से माश्या. आत पेट्रोल नाही, दुकान नाही. न्यामेपीचा कॅम्प नदीकाठीच आहे आणि त्याला कुंपण नाही. हत्ती तंबूंच्या मधून चालत जातात, रात्री पाणघोडे चरायला वर येतात, तरस कचरा हुंगत फिरतात. तिथे फेडर्बिया नावाची बाभळीसारखी मोठी झाडं आहेत. बाकी रान ओकंबोकं असतं तेव्हा ही हिरवी, आणि पावसाळ्यात पानं गाळणार! सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांच्या शेंगा पडतात, हत्तींना त्या फार आवडतात. काही नर तर मागच्या दोन पायांवर उभे राहून फांदी ओढतात. तासभर बघत बसलो होतो.

तर, तिथे एक नियम आहे: संत्री-मोसंबी आत आणायची नाहीत. हत्तीला त्या वासाचं वेड. आता मी नागपूरची. संत्र्यांशिवाय प्रवास म्हणजे काय ते मला माहीतच नाही. तरी पिशवीभर संत्री घरी ठेवून निघाले. एक मात्र लेकाने मागच्या दाराच्या कप्प्यात ठेवलेलं राहून गेलं.

रात्री दोनच्या सुमारास जाग आली. ती खोल गुरगुर, आणि पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज. तंबूच्या जाळीतून चांदण्यात नुसते पाय दिसत होते. हत्ती गाडीच्या मागच्या दाराशी उभा होता, सोंडेने काचेची फट चाचपत. काच थोडी उघडी राहिली होती. लेक झोपलेला. नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की सकाळी वळ दिसला. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो गेला, आला तसाच, आवाज न करता. एवढं मोठं जनावर इतकं हळू चालतं हे पुस्तकात वाचलेलं, पण ऐकू न येणं काय असतं ते तेव्हा कळलं.

सकाळी वनरक्षकाला दारावरची माती दाखवली आणि संत्रंही. वाटलं, आमची विचारपूस करेल. त्याने हत्ती कसा होता, एक दात मोडका होता का, तेच विचारलं. मग म्हणाला, "तुम्ही परवा घरी जाल. त्याने गाडी फोडायला सुरुवात केली तर गोळी मला घालावी लागेल."

दादा, कुंपणाबद्दल माझं मत तिथेच ठरलं. अशा ठिकाणी माणसं दगावली आहेत, ते खोटं नाही. पण त्या कॅम्पवर रोज संध्याकाळी सगळे डबे गाडीत जातात, भांडी घासली जातात, अंधार पडला की मुलं तंबूत. हे सगळं मध्ये काही नाही म्हणून होतं. कुंपण असतं तर मी आणखी चार संत्री विसरले असते. मला विचारशील तर परवाना देतानाच गाडी नीट तपासावी, आणि फळ सापडलं तर परत पाठवावं. आम्हालाही पाठवायला हवं होतं.

आणि डेअरिंगचं म्हणाल तर, ताडोबात आपण जिप्सीतून खाली पाय ठेवत नाही, ठेवू देतही नाहीत. त्याच जंगलाच्या कडेच्या गावांतल्या बाया पहाटे पायी मोहफुलं वेचायला जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातात. वाघाने त्यांच्यातल्या कितीतरी जणी मारल्या. त्यांच्या फोटोखाली कुणी "डेअरिंग" लिहीत नाही. आम्ही तर पैसे भरून तीन रात्री गेलो होतो, आणि तेही गाडीची किल्ली उशाशी ठेवून.

असो. आई, लेक मजेत आहे, त्याला यातलं काही माहीत नाही, तूही सांगू नकोस.

दादा, तुम्ही येणार असाल तर सप्टेंबरातच या. डिसेंबरात पाऊस, आतल्या चिखलात गाडी रुतते. येताना आईच्या हातची चकली आणा, डबा घट्ट झाकणाचा. संत्रावडी मात्र नको, मला आता तिचीही भीती वाटते. :-)