कुत्रे निवारागृहात जाणार, पण पार्व्होचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशानुसार शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील भटके कुत्रे उचलून, नसबंदी व लसीकरण करून निवारागृहात ठेवायचे आहेत. त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचे नाही. भिवंडीपुरते पाहिले तर यात एसटी स्टँड येते, इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय येते आणि असंख्य शाळा येतात. चर्चा झाली ती चावे आणि रेबीजची, आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र कुत्रे एका छताखाली गोळा केले की रेबीजच्या आधी पसरतो तो पार्व्हो. ज्यांच्या घरात पिल्लू आहे त्यांनी हा मुद्दा समजून घ्यायला हवा.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी आणि रेबीजची लस यांवर भर आहे. पार्व्होची लस त्यात सक्तीची नाही. माणसाचा जीव वाचवणे हा त्या नियमांचा एक मुख्य हेतू असल्याने ते समजण्यासारखे आहे. पण लस न घेतलेली पिल्ले दाटीने एकत्र ठेवली, तर एका आजारी पिल्लाच्या विष्ठेतून निघणारे विषाणू साऱ्या खोलीला पुरतात. लक्षणे दिसण्याआधीच विषाणू बाहेर पडू लागतो आणि पिल्लू बरे झाल्यावरही साधारण दोन आठवडे पडत राहतो. त्यामुळे नव्याने आणलेले पिल्लू आधी काही दिवस वेगळे ठेवणे, हा निवारागृहाचा पहिला खर्च असायला हवा. माझ्या मते, पिंजरे किती आहेत यापेक्षा वेगळी खोली आहे का, हे आधी विचारावे.

निवारागृहाबाहेरही हा आजार कमी नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमरावतीत सुमारे २,००० पाळीव कुत्र्यांना पार्व्हो झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. हे घरातले, लाडाने वाढवलेले कुत्रे होते. विषाणू हवेतून नव्हे तर विष्ठेतून आणि तिचा स्पर्श झालेल्या वस्तूंतून येतो: चप्पल, टायर, हात, भांडी. धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या चौकातून चालत आलेल्या माणसाच्या चपलेबरोबर तो जिना चढू शकतो. पिल्लू कधी घराबाहेर पडलेच नाही, मग लस कशाला, या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

आता प्रकारांबद्दल, कारण 'नवा स्ट्रेन आला, जुनी लस चालत नाही' असे निरोप मोबाईलवर फिरतात. कुत्र्यांचा पार्व्हो, म्हणजे सीपीव्ही-२, १९७८ मध्ये जगासमोर आला. मांजरांतील पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूचा तो जवळचा नातलग. पुढच्या काही वर्षांत २ए आणि २बी आले, २००० मध्ये इटलीत २सी आढळला. हे तिन्ही भारतातही सापडले आहेत. २ए, २बी आणि २सी यांना वेगळे ठरवणारा मुख्य फरक विषाणूच्या कवचातील एका प्रथिनात, ४२६ क्रमांकाच्या जागी कोणते अमिनो आम्ल आहे, एवढाच. प्रकार कोणताही असो, उपचार बदलत नाहीत आणि चांगल्या प्रतीची प्रचलित लस या सगळ्यांपासून संरक्षण देते.

मग लस घेऊनही पिल्लू का दगावते? बहुतेक वेळा कारण स्ट्रेन नसून वेळ असते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाला वाचवतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरुवात करून दर २ ते ४ आठवड्यांनी, वय १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस देतात, आणि साधारण वर्षाने बूस्टर. 'दोन सुया झाल्या, पुरे' म्हणून थांबणारी कुटुंबे पुष्कळ. तो शेवटचा डोस सर्वांत महत्त्वाचा.

उलट्या, रक्ताचे घाणेरड्या वासाचे जुलाब, खाणे बंद, मरगळ: ६ आठवडे ते ६ महिन्यांच्या पिल्लात यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विषाणू आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा दोन्हींवर घाला घालतो. पांढऱ्या पेशी घटतात आणि पाणी झपाट्याने कमी होते. उलटी करणाऱ्या पिल्लाला घरी साखर-मीठ पाणी पाजत बसल्याने वेळ जातो. उपचाराविना बहुतेक पिल्ले दगावतात. शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारे औषध, प्रतिजैविके आणि लवकर सुरू केलेला आहार मिळाला तर बहुसंख्य वाचतात.

फरशी फिनाईलने पुसून हा विषाणू मरत नाही. तो महिनोन् महिने टिकतो. आधी साबणाने घाण काढा, मग १ लिटर पाण्यात सुमारे ३० मिली साधे ब्लीच घालून १० मिनिटे ओले ठेवा. ब्लीचमध्ये संडासाचे ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात पार्व्हो होऊन गेला असेल तर पूर्ण लसीकरण झाल्याशिवाय दुसरे पिल्लू आणू नका.

घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असल्यास साहजिकच धास्ती वाटते, आणि एखाद्या रक्त-अहवालावर 'पार्व्होव्हायरस' शब्द दिसला की ती वाढते. माणसाला होणारा पार्व्होव्हायरस बी१९ हा वेगळा विषाणू आहे. तो खोकल्या-शिंकांतून माणसाकडून माणसाकडे जातो, मुलांचे गाल लाल करतो. गरोदरपणात आणि सिकलसेलच्या रुग्णांत मात्र तो गंभीर ठरू शकतो. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. तरीही आजारी पिल्लाची विष्ठा हातमोजे घालूनच उचला, कारण तिच्यात जंत आणि इतर जंतूही असतात.