पडीक बांध आणि मोकाट चराई

कोकणच्या डोंगरउतारांवर कसणाऱ्यांअभावी ओस पडत चाललेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गुरांची चराई सरसकट बंद करू नये, परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती निर्बंधाखाली आणलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चराईचा उपकार आम्ही नाकारीत नाही. गवत व करवंदीची जाळी आटोक्यात राहिल्याने उन्हाळ्यातील वणव्याला खाद्य कमी मिळते. तथापि जेथे वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे भिजून मऊ झालेल्या बांधांवरून गुरे चढू-उतरू लागली, म्हणजे खुरांच्या दाबाने आधी माती खचते, मग कोरड्या रचाईचा एखादा दगड निसटतो, आणि तो पुन्हा बसविणारा मालक मुंबईत असल्यामुळे त्याच खिंडारातून धावणारे पाणी सारा भार खालच्या खाचरावर टाकून एकामागून एक बांध फोडीत जाते. पूर्वीही गुरे चरतच होती. पण पडलेला दगड वेळच्या वेळी चढविला जाई. आज पिढ्यांच्या श्रमाने धरून ठेवलेली ती माती वहाळात जाते, आणि एकदा उघडा पडलेला कातळ कोणत्याही पिकाच्या उपयोगाचा राहत नाही.

केवळ कोंडवाड्याने हा प्रश्न सुटणारा नाही. ग्रामसभांनी येत्या मृगापूर्वी चराईच्या जागा व मुदती मुक्रर कराव्यात, सामायिक गुराखी नेमावा, आणि ढासळलेल्या बांधांची दुरुस्ती कब्जेदारांच्या संमतीने रोजगार हमीतून करण्याची तजवीज सरकारने विनाविलंब करावी, अशी आमची मागणी आहे.