मूठभर वाळू आणि मामांचा प्रश्न

“अरे, शिंपल्यांचा निदान चुना तरी होतो. ह्या भुशाचे काय होणार?”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, कोकणात आजोळी, मामांनी हा प्रश्न विचारला तो माझ्या मामेभावाला. तो भूशास्त्राचा विद्यार्थी. ओटीवर सूक्ष्मदर्शक मांडून, काळ्या तबकडीत समुद्रावरची चिमूटभर वाळू पसरून, ओल्या कुंचल्याच्या टोकाने तो तिच्यातले कण वेचीत बसला होता. त्याच्याकडून उत्तर येईना, तेव्हा मामांनी मोर्चा माझ्याकडे वळविला. “आणि तुझ्या इतिहासाचा तरी उपयोग काय रे?”

कला शाखेत पाऊल टाकल्यापासून हा प्रश्न ऐकला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणे कठीण. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे गप्प बसलो. उत्तर आज देतो आहे, आणि तेही त्या वाळूच्याच आधाराने.

भावाने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. जिला आजवर नुसती वाळू म्हणून पायाखाली तुडविली, तिच्यात घरे होती! एक गोगलगायीसारखे वेटोळे, एक सुरईच्या घाटाचे, एक लहानमोठे फुगे एकमेकांना चिकटवावेत तसे. ही फोरॅमिनीफेरांची कवचे. ह्या नावाचा अर्थच मुळी ‘छिद्रे धारण करणारे’ असा आहे. आत राहणारा जीव अवघ्या एका पेशीचा. त्याला ना डोळे, ना मेंदू, ना हातपाय. कवचाबाहेर काढलेल्या बारीक धाग्यांनी तो सरकतो आणि भक्ष्य पकडतो. पण घर बांधण्याची रीत मात्र प्रत्येकाची निराळी. कोणाचे कवच काचेसारखे पारदर्शक, कोणाचे चिनी मातीसारखे शुभ्र, तर कोणी वाळूचे कण गोळा करून एकमेकांना चिकटवतो आणि भिंत उभारतो. आज जिवंत असलेल्या अशा सुमारे ९,००० जातींची नोंद झालेली आहे. त्यांतल्या जेमतेम ५० जाती पाण्यात तरंगतात, बाकीच्या तळाशी राहतात. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरहूनही कमी.

मामांना ठाऊक नव्हते, की चुना तर ह्यांचाही झालेला आहे. इजिप्तमधील पिरॅमिडांच्या चुनखडीत नाण्यांसारखी दिसणारी न्युम्युलाइट ह्या फोरॅमिनीफेराची कवचे ठासून भरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तेथे गेलेल्या स्ट्रेबो ह्या ग्रीक भूगोलकाराने, मजुरांच्या उरलेल्या जेवणाचे हे दगड झाले अशी लोकांची समजूत नोंदवून ठेवली आहे. अशाच न्युम्युलाइटांनी भरलेले थर आपल्या शेजारच्या कच्छमध्येही आहेत.

विद्वानही चुकले. १८२६ साली फ्रान्सच्या दॉर्बिन्यीने ह्या जीवांचे वर्गीकरण केले, पण त्यांना बसविले माकुलांच्या पंगतीत! हे एका पेशीचे साधे जीव आहेत, हे १८३५ साली द्यूजार्दँने दाखवून दिले. नाव देणे, वेगळेपण ओळखणे, चूक सुधारणे ही कामे आपल्याला कारकुनी वाटतात. ती तशी नाहीत, असे माझे मत आहे. त्याला माझ्याजवळ दोन पुरावे आहेत.

पहिला माझ्याच विषयातला. गुजरातेतील लोथल येथे १९५५ पासून एस. आर. राव ह्यांनी उत्खनन केले. तेथे विटांनी बांधलेला, २०० मीटरहून अधिक लांबीचा एक प्रचंड हौद सापडला. राव म्हणाले, ही गोदी. इतर काहींनी म्हटले, छे, हा तर शेतीसाठी बांधलेला तलाव. तलावात पाणी गोडे हवे, गोदीत समुद्राचे. मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील राजीव निगम ह्यांनी तेथील गाळ तपासला आणि त्यात खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या फोरॅमिनीफेरांची कवचे दाखवून १९८८ साली गोदीच्या बाजूने कौल दिला. जेथे शिलालेख नाही, ताम्रपट नाही, तेथे साक्ष द्यायला ह्या धुळीएवढ्या कवचांना यावे लागले. ती साक्ष कळली, कारण कोणती जात कोणत्या पाण्यात राहते हे कोणीतरी आधीच चिकाटीने लिहून ठेवले होते.

दुसरा पुरावा अधिक गंभीर आहे. १८७२ ते १८७६ ह्या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांतून नमुने आणले. त्यांतील फोरॅमिनीफेरांवर ब्रॅडी ह्या अभ्यासकाने १८८४ साली मोठा ग्रंथ सिद्ध केला. नमुने लंडनच्या संग्रहालयात राहिले. त्यांचा उपयोग काय, हे तेव्हा ब्रॅडीलाही सांगता आले नसते. २०२० साली संशोधकांनी प्रशांत महासागरातील त्या जुन्या कवचांची तुलना अलीकडच्या कवचांशी केली. तपासलेल्या सर्व जातींची आजची कवचे पातळ निघाली, आणि एका जातीत तर ती ७६ टक्क्यांपर्यंत पातळ! आपण जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो, पाण्याची आम्लता वाढते आणि कवच बांधणे जड जाते. दैवदुर्विलास असा, की तेलाचे साठे शोधताना खडकांचे वय सांगण्याच्या कामी हीच कवचे वापरली गेली. ज्यांनी तेलाची वाट दाखविली, त्यांच्याच घराच्या भिंती त्या तेलाने झिजत आहेत.

मित्रांनो, उपयोगाच्या तराजूत आज जे हलके भरते, ते उद्या कोणाच्या कामी येईल हे सांगता येत नाही. म्हणून ते जपायचे असते. पण हेच शस्त्र आपल्यावरही उलटते. आपण कला शाखेचे लोक विज्ञान म्हटले, की “आम्हांला त्याचा काय उपयोग?” म्हणून मोकळे होतो. मग मामांत आणि आपल्यांत फरक तो काय राहिला? लोथलचा इतिहास लिहिणाऱ्याला गाळातला जीव परका मानून चालणार नाही.

आता मे महिन्यात पुन्हा आजोळी जाईन, तेव्हा भावाशेजारी कुंचला घेऊन मीही बसणार आहे. मामांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर त्यांनाच आधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगेन.