बॉडी पाहून कोच ठेवू नका!

जळगाव असो की धुळे, ग्रुप फिटनेसच्या बॅचेस आता कॉलन्यांपर्यंत आल्यात. झुंबा, एरोबिक्स, फंक्शनल ट्रेनिंग. भल्या सकाळी पंचवीस-तीस जण एका हॉलमध्ये, मोठ्याने गाणी आणि समोर एक कोच. लोक व्यायामाला लागले, चांगलंच आहे. माझा प्रश्न त्या समोरच्या एका माणसाबद्दल आहे. त्याला ठेवलं कशाच्या जोरावर?

बातमीदारीच्या निमित्ताने जिममालकांशी बोलणं होतं. कोच कसा निवडला विचारलं की उत्तर येतं, ‘भाऊ, पोऱ्यानी बॉडी देख ना!’ नाहीतर, ‘इन्स्टावर फॉलोअर्स आहेत त्याचे.’ अहो, स्वतःचे दंड कमावणं वेगळं आणि पन्नाशीतल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या मावशींना स्क्वॉट शिकवणं वेगळं.

ग्रुपमध्ये कोचचे दोन डोळे तीस जणांत वाटले जातात. त्यात कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणी बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आलेली. सगळ्यांना एकाच ठेक्यावर उड्या मारायला लावलं म्हणजे कोचिंग झालं नाही. चांगला कोच एकाच व्यायामाचा सोपा, मधला आणि अवघड असे तीन प्रकार देतो. आरशात स्वतःकडे पाहत न बसता रांगांमधून फिरतो. काकूंना धड एक वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करायला लावतो. तालमीत हौद्याच्या कडेला उभा राहून वस्ताद हेच तर करायचा.

ड्रायव्हिंग स्कूल काढायला परवाना लागतो. तिथे शिकवणाऱ्याची पात्रताही नियमात लिहिलेली आहे. जिमच्या ट्रेनरला असा सक्तीचा परवाना नाही. मशिनी आणल्या, पुढाऱ्याच्या हाताने फीत कापली, झालं सुरू!

‘शिकलेली माणसं मिळत नाहीत’ ही सबब मला पटत नाही. बीपीएड, एमपीएड झालेली पोरं-पोरी शिक्षक भरतीची वाट पाहत बसलीत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. त्यांच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पतियाळाची एनआयएस 1961 पासून प्रशिक्षक घडवतेय. खरी अडचण पगाराची आहे. मशिनी आणि एसीवर लाखो रुपये घालणारे मालक माणसाला पैसे द्यायचे म्हटलं की हात आखडतात. मग तो कोच पोट भरायला पावडरचे डबे विकतो. दोष एकट्या त्याचा नाही.

मालकांनो, नुसत्या मुलाखतीवर जाऊ नका. आठवडाभर बॅच घ्यायला लावा आणि तुम्ही मागच्या रांगेत उभे राहा. त्याने किती जणांची नावं लक्षात ठेवली, किती जणांना थांबवून चूक सुधारली, ते मोजा. सर्टिफिकेट खरं आहे का, ते देणाऱ्या संस्थेला विचारा. सीपीआर करून दाखवायला सांगा. मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे असतात, हे त्याला झोपेतही आठवलं पाहिजे. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. पत्र्याच्या शेडमध्ये बॅच घेणाऱ्याला उष्माघाताची लक्षणं कळायलाच हवीत.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि महापालिकेनेही मनावर घ्यावं. शहरात कोण शिकवतंय आणि त्याचं शिक्षण काय, याची साधी नोंदवही ठेवायला फार निधी लागत नाही.

आणि तुम्ही-आम्ही? फी भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा. कोच कुठे शिकला? कुणी कोसळलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करणार? उत्तराऐवजी वर्षाच्या पॅकेजवरची सूट ऐकवली, तर पैसे खिशात ठेवा आणि सरळ मेहरूण तलावावर नाहीतर पांझरेच्या काठाने चालायला जा. ते फुकट आहे.