पाटी एचडीची, चित्र धुक्याचे

आमच्या घरी गेल्या दिवाळीत नवा दूरचित्रवाणी संच आला. खोक्यावर, संचाच्या चौकटीवर आणि पडद्याच्या कोपऱ्यात अशा तिन्ही ठिकाणी ‘एचडी’ ही दोन अक्षरे विराजमान होती. आईने संचाला हळदकुंकू वाहिले, शेजारची मंडळी पेढ्यांच्या आशेने जमली आणि बाबांनी मोठ्या ऐटीने बटण दाबले. पडद्यावर एका मराठी वाहिनीवरील नृत्याचा कार्यक्रम उमटला. पण हे काय? नर्तिका स्थिर उभी असेपर्यंत तिच्या नथीतला मोती दिसे. तिने गिरकी घेतली की नथ, नाक आणि नऊवारी यांचा एकच गोळा होई. साडीचे काठ लहान लहान चौकोनांत फुटत. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आपला जुना डबाच बरा होता रे!”

वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक आहे असे मलाही प्रथम वाटले. देशापुढे इतके प्रश्न असताना नथीतल्या मोत्याची चिंता कोणी करावी? पण विचार करू लागलो तसतसे लक्षात आले की हा प्रश्न मोत्याचा नाही, पाटीचा आहे. दुकानावर एक पाटी लावायची, त्या पाटीचे दाम घ्यायचे आणि आत दुसराच माल द्यायचा, हे आपण किती दिवस सहन करावे?

आधी पाटीचा अर्थ पाहू. आपल्याकडे पूर्वापार जी दूरचित्रवाणी होती ती ६२५ रेषांची. त्यांपैकी ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या. संगणकाच्या भाषेत हे चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपक्यांचे होते. एचडीचे पूर्ण चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे. गुणाकार करून पाहा. बरोबर पाचपट भरते. म्हणजे जिथे पूर्वी एक ठिपका होता तिथे आता पाच. देशात या वाहिन्या साधारण २०१० पासून घरोघर पोहोचू लागल्या आणि २०१६ साली प्रमुख मराठी वाहिन्यांनीही आपापल्या एचडी आवृत्त्या काढल्या. मराठी माणसाला आनंद झाला. व्हायलाच हवा होता.

नागपूरकरांच्या बाबतीत या कथेला आणखी एक प्रकरण आहे. केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि गावागावांतली जुनी केबल टप्प्याटप्प्याने बंद करून सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत आपले नागपूर होते आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्या वेळी लोकांना सांगितले गेले ते हेच, की बॉक्स घ्या, चित्र स्वच्छ दिसेल. लोकांनी बॉक्स घेतले. पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धती अमलात आली. तीत पहिल्या १०० वाहिन्यांची जी मर्यादा होती, तिच्यात एक एचडी वाहिनी ही दोन साध्या वाहिन्यांबरोबर मोजली जाई. सरकारी हिशेबातच एक एचडी म्हणजे दोन जागा! दोन खुर्च्यांचे तिकीट काढलेल्या माणसाने निदान पाय पसरण्याएवढी जागा मागितली, तर त्यात गैर काय?

आता प्रामाणिकपणे एक कबुली द्यायला हवी. मी सर्वप्रथम केबलवाल्यावर भडकलो. फोनवर नको ते बोललो. त्याच्याकडचा एक मुलगा भर दुपारी सायकलवर आला, घाम पुसत संचाच्या मागे वाकला आणि हसला. “दादा, काहून चिडता? वायर तर पाहा पहिले!” आम्ही नव्या संचाला जुन्याच पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांच्या वायरी लावल्या होत्या. त्या वायरींतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. त्याने एचडीएमआय वायर लावली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडले आणि क्रिकेटचा सामना लावला. चेंडूची शिवण दिसली! मी ओशाळलो. त्याला चहा दिला आणि क्षमा मागितली. सांगायचा मुद्दा हा की निम्मा दोष आपल्याच घरात असू शकतो, आणि कुणावर बोट रोखण्यापूर्वी संचामागे वाकून पाहणे हे सुशिक्षितांचे पहिले कर्तव्य आहे.

पण उरलेल्या निम्म्या दोषाचे काय? त्याच वायरीतून, त्याच संचावर सामना आरशासारखा दिसतो आणि दोन बटणे पुढे गेले की दुसरी ‘एचडी’ वाहिनी धुक्यात बुडालेली असते. तेव्हा वायर निर्दोष ठरते, संच निर्दोष ठरतो आणि केबलवाल्याचा तो मुलगा तर केव्हाच निर्दोष सुटलेला असतो. मग दोष येतो कुठून?

एक कारण उघड आहे. मूळ कार्यक्रमच साध्या प्रतीचा असतो आणि तो ताणून मोठा केलेला असतो. एका ठिपक्याचे पाच ठिपके करता येतात, पण जे कॅमेऱ्याने कधी टिपलेच नाही ते आणायचे कोठून? लिंबू एकच असेल तर पाचपट पाणी घालून पाचपट सरबत होते. त्याची चव पाचपट होत नाही. व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या जुन्या मालिकांची ही अडचण खरी आहे आणि ती मी समजू शकतो. पण ३५ मिलिमीटर फिल्मवरील जुन्या चित्रपटांना ही सबब लागू होत नाही. प्रत चांगली असेल आणि ती नीट स्कॅन केली, तर तीत एचडीला पुरून उरेल इतका तपशील असतो. आणि आपण करतो काय? मध्यंतरी एका वाहिनीवर ‘श्यामची आई’ लागला होता. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा हा चित्रपट, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी. त्याची चौकट जवळजवळ चौरस. ती आजच्या रुंद पडद्यावर ओढून बसवली होती. परिणामी श्याम, त्याची आई आणि सारे कोकण एक तृतीयांशाने आडवे झाले होते! दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या असत्या तर कुणाचे काय बिघडले असते? रिकामी जागा दिसू नये म्हणून माणसाचा चेहरा ओढायचा, ही कुठली रीत?

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. स्टुडिओतून निघणारे एचडी चित्र म्हणजे सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिटांचा लोंढा. घरापर्यंत एवढे वाहून आणणे शक्य नसते. म्हणून ते दाबून लहान करतात. आपल्या बॉक्सपर्यंत बहुधा त्याचा शंभरावा भागही पोहोचत नाही. यात लबाडी नाही. हे मोठे बुद्धीचे काम आहे. युक्ती अशी की प्रत्येक चित्र नव्याने पाठवायचे नाही, मागच्या चित्रात जेवढे बदलले तेवढेच पाठवायचे. वृत्तनिवेदक बोलतो तेव्हा त्याचे ओठ तेवढे हलतात. काम स्वस्तात होते. पण उपग्रहाच्या एका वाटेवर किंवा केबलच्या एका पट्ट्यात अनेक वाहिन्या बसवलेल्या असतात. आपल्या सीताबर्डीच्या शेअर ऑटोसारखीच ती अवस्था. तिघांच्या जागेत पाच बसले तर चालते, सात बसले तर कुणाचा तरी पाय बाहेर लोंबकळतो. तसे एका वाटेवर वाहिन्या वाढत गेल्या की प्रत्येकीच्या वाट्याचे बिट कमी होतात, आणि चित्र हलू लागले की चौकोन फुटतात.

आणि येथेच माझ्या मनाला खरी बोच लागते. या पद्धतीत सर्वांत स्वच्छ कोण दिसतो? एकटा, स्थिर, खुर्चीत बसलेला माणूस. सर्वांत अस्पष्ट कोण? गर्दी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा महाल-इतवारीत उसळणारा जनसमुदाय पडद्यावर पाहा. हजारो हलणारी डोकी, बडगे, धूळ; बिट पुरत नाहीत आणि माणसांचा चिखल होतो. ज्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, तेथे दरवर्षी दूरदूरच्या खेड्यांतून लोक येतात. व्यासपीठावरच्या वक्त्याच्या चष्म्याची काडी आपल्याला दिसते. पण रात्रभर प्रवास करून, लेकराला खांद्यावर घेऊन आलेल्या बाईचा चेहरा निळ्या-पांढऱ्या चौकोनांत विरून जातो. हे कुणी मुद्दाम करतो असे माझे म्हणणे नाही. पण काटकसर करायची वेळ आली की ती गर्दीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर होते, हे आपल्या समाजाचेच चित्र नव्हे काय?

माझे एक मित्र म्हणतात, “मालिकाच इतक्या सुमार, त्या स्पष्ट दिसल्या काय नि अस्पष्ट दिसल्या काय!” युक्तिवाद मजेदार आहे, पण पुस्तक वाईट असले म्हणून छपाई पुसट चालते असे आपण म्हणत नाही. दुसरे म्हणतात, ज्यांच्याकडे फुकटची डिश आहे त्या गरीब घरांत एचडीचा प्रश्नच नाही. हे पोट भरलेल्यांचे दुखणे. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की सर्वांना एचडी द्या असा माझा हट्ट नाही. साधे चित्र साधे म्हणून द्या, त्यात कमीपणा नाही. जे नाही ते आहे असे मात्र सांगू नका.

मग मागायचे काय? आपल्या इतवारीच्या सराफ्यात सोन्यावर शुद्धतेचा शिक्का असतो. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आहे ते छापावे लागते. भाजीवालीच्या तराजूचे वजनही प्रमाणित असावे लागते. मग चित्रालाच माप का नसावे? कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘मूळ चित्रण एचडी’ किंवा ‘साध्या चित्रावरून मोठे केलेले’ एवढी एक ओळ दाखवावी. एचडी म्हणवणाऱ्या वाहिनीला किमान किती बिट मिळालेच पाहिजेत, हे ठरवून ते ग्राहकाला पाहता येईल अशा ठिकाणी प्रसिद्ध करावे. जुने चित्रपट त्यांच्या मूळ चौकटीत दाखवावेत. यात अशक्य असे काहीही नाही. आणि आपण प्रेक्षकांनीही तक्रार करावी. पण आधी वायर तपासून!

शेवटी बाबांचीच एक आठवण सांगतो. ३१ ऑक्टोबर १९८७. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. शेजारच्या काकांकडे कृष्णधवल संचासमोर तीस माणसांत अंग चोरून बसलेले. चित्राला मुंग्या येत, कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी आणि खालून ओरडा होई, “राहू दे, राहू दे, आता आलं!” त्या मुंग्यांतून बाबांनी चेतन शर्माला ओळीने तीन त्रिफळे उडवताना पाहिले, विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक; आणि गावसकरांचे एकदिवसीय सामन्यांतले एकमेव शतकही पाहिले. त्या चित्राबद्दल त्यांची आजही तक्रार नाही.

का नाही, हे मला आता कळते. ते चित्र वाईट होते, पण खोटे नव्हते. जे होते ते तेवढेच होते, आणि ते सुधारण्यासाठी गच्चीवर जायची वाट प्रत्येकाला मोकळी होती. आज गच्चीवर जाऊन काही उपयोग नाही. आता अँटेना फिरवायची ती निराळ्याच ठिकाणी. आणि ती फिरेपर्यंत खालून ओरडत राहणे एवढे तरी आपल्या हाती आहे.